पोटफोड्या ष

मित्रांनो, मी एक जुना तक्ता आहे. चष्म्याच्या दुकानात भिंतीवर टांगतात ना, वरचे अक्षर तळहाताएवढे आणि खालची मुंगीएवढी, तोच. आपली कहाणी सांगणाऱ्या वस्तू बहुधा गरीब स्वभावाच्या असतात. फुटका फळा असो की मोडकी छत्री, शेवटी त्यांनी सगळ्यांना माफ केलेले असते. मी तसा नाही. मी डूख धरणारा आहे, आणि हे आधीच सांगितलेले बरे.

सध्या मी दोन खोल्यांच्या एका घरात शिवणयंत्राच्या खणात पडून आहे. मी अर्धाच उरलो आहे, आणि त्या अर्ध्याच्या शेवटच्या ओळीत एक चौकोनी भोक आहे. ते भोक मला माझ्या सगळ्या अक्षरांपेक्षा प्रिय आहे. ते कसे पडले, ते ऐका.

माझा जन्म छापखान्यात झाला. अक्षरे एकेक उचलून जुळवणाऱ्या माणसाला तिथे जुळारी म्हणत. माझा जुळारी म्हातारा होता आणि त्याचा अंगठा शाईने कायमचा काळा झाला होता. वरच्या ओळी त्याने एका सकाळीत लावल्या. शेवटच्या ओळीला मात्र दोन दिवस घेतले. मालक ओरडला, "सहा अक्षरांना दोन दिवस? झोपलायस का?" जुळारी शांतपणे म्हणाला, "ही ओळ वाचून कुणाच्या तरी डोळ्यांचा निकाल लागणार आहे. घाईने कशी लावू?"

त्याने लावलेली ओळ अशी होती: म, ष, ग, प, भ, थ. यातली मेख तुमच्या लक्षात आली का? म आणि भ लांबून सख्खे भाऊ वाटतात. प आणि ष तर जुळेच. प च्या पोटातून तिरकी रेघ गेली की त्याचा ष होतो, म्हणून तर शाळेत त्याला पोटफोड्या ष म्हणतात. ज्याला ती केसाएवढी रेघ दिसली त्याची नजर पक्की, असा जुळाऱ्याचा हिशोब होता. छापून झाल्यावर त्याने मला खिडकीशी नेले, ष च्या पोटावर फुंकर घातली आणि म्हणाला, "जा. खरं बोल." एवढेच माझे शिक्षण.

पुढे जाड पुठ्ठ्यावर चिकटवून, लाकडी चौकटीत घालून मला एका चष्म्याच्या दुकानात टांगले. समोरच्या भिंतीशी एक खुर्ची होती. तेव्हा दुकानदार तरुण होता. त्याला मी अहोजाहो करणार नाही, तेवढी सवलत मला द्या. पण खोटे कशाला बोलू, सुरुवातीला तो चांगला होता. रोज सकाळी मऊ फडक्याने मला पुसायचा. गिऱ्हाइकाला पुन्हा पुन्हा विचारायचा, घाई करायचा नाही. एकदा एका निवृत्त घड्याळजीने नवा चष्मा लावून माझी शेवटची ओळ धडाधड वाचली आणि दुकानदाराऐवजी मलाच नमस्कार केला. त्या दिवशी माझी चौकट लाकडाची आहे हे मी विसरलो होतो.

माझ्यावरची काच दुसऱ्या वर्षी फुटली आणि ती पुन्हा बसली नाही. पुसणे आठवड्यावर गेले, मग महिन्यावर, मग आठवेल तेव्हा. लोक दुकानदाराला डॉक्टर म्हणू लागले. तो डॉक्टर नव्हता. पण त्याने नाही म्हटले नाही. फुकट मिळालेला मान कोण परत करतो?

त्याच्याकडे पितळी टोकाची एक छडी होती. माझ्याशेजारी उभा राहून तो एकेक अक्षर दाखवायचा. ष वर त्याचा भारी जीव. तिथे आला की तो छडी दोनदा आपटायचा, टक टक, आणि विचारायचा, "आणि हा कोण?" रोज पंधरा गिऱ्हाइके धरा, आणि तीस वर्षे. रोजच्या घासण्याने दगडालाही खाच पडते, मी तर कागद. ष च्या पोटातली रेघ आधी फिकी झाली, मग तुटक, आणि एके दिवशी गेलीच. पोटफोड्याचे पोट बरे झाले. माझ्या शेवटच्या ओळीत आता दोन प होते.

दुकानदाराला ते दिसले नाही. दिसणार कसे? पंचेचाळिशीनंतर त्याची जवळची नजर गेली होती. वर्तमानपत्र वाचताना त्याचे हात अपुरे पडत. पण चष्मेवाल्यानेच चष्मा लावला तर गिऱ्हाईक काय म्हणेल, या तोऱ्यात त्याने कधी लावला नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. आणि माझी ओळ त्याला पाठ होती. पाठ असलेल्या गोष्टीकडे कोण बघतो?

मग काय, चांगल्या डोळ्यांची माणसे खुर्चीत बसून खरे ते सांगत, "प." हा म्हणे, "चूक!" आणि त्यांच्या नाकावर बारीकसा नंबर चढवी. बाकावर वाट बघणारे मात्र त्याचा आवाज ऐकून आपला नंबर आला की "ष" म्हणत आणि सुटत. म्हणजे बघणारा नापास आणि ऐकणारा पास. मला "खरं बोल" सांगून पाठवले होते, आणि मी रोज खोट्याची साक्ष देत होतो.

तरी मोठ्या माणसांचे मला फारसे वाटले नाही. त्यांना पाय आहेत, तोंड आहे, ती दुसरीकडे जाऊ शकतात. मग एका दुपारी ठकी आली.

ठकी आठ वर्षांची. घरातले लाडाने ठकी म्हणत. लाकडी बाहुलीला म्हणतात ना, तशी गोल चेहऱ्याची होती. तिची आई कपडे दुरुस्त करण्याचे काम करायची. चेन बदलणे, बाह्या आखूड करणे, फाटले ते जोडणे. तिच्या ब्लाउजला पुढे दोन सुया खोचलेल्या असायच्या. तिने शाळेतल्या बाईंची चिठ्ठी दुकानदारापुढे ठेवली आणि एका दमात सांगितले, "वाचताना ओळी गाळते. बेरजेचे आकडे भलत्याच घरात मांडते. सारखं डोकं दुखतं म्हणते. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी रक्त वाढायचं टॉनिक दिलं, दोन बाटल्या झाल्या. बाई म्हणतात, डोळे तपासून घ्या, नाहीतर पुढच्या वर्षी हिला खालच्या वर्गात बसवावं लागेल."

ठकी खुर्चीत बसली. पाय जमिनीला टेकत नव्हते. "मला लांबचं दिसतं," ती म्हणाली, "पण पुस्तकातली अक्षरं ना..."

"पुस्तकाचं नंतर. आधी तक्ता," दुकानदार म्हणाला.

मित्रांनो, ते नंतर कधी आलेच नाही. मला अजूनही सगळ्यात जास्त चीड या एका वाक्याची येते. पोरगी आजार स्वतःच्या तोंडाने सांगत होती आणि याने तिला मध्येच तोडले.

तिने माझ्या सगळ्या ओळी न अडखळता वाचल्या. शेवटच्या ओळीवर छडी आपटली, टक टक.

"आणि हा कोण?"

"प."

"नीट बघ."

तिने खरोखर नीट बघितले. मान पुढे काढली. "पच आहे."

"आणि हा पुढचा?"

"हापण प."

"एका ओळीत दोन प कसे असतील? डोकं चालव जरा!"

तिला डोळ्यांचे विचारले होते, शिक्षा डोक्याला झाली. वर तिला एक चष्मा मिळाला, ज्याची तिला काडीची गरज नव्हती.

दोन महिन्यांनी मायलेकी पुन्हा आल्या. डोकेदुखी थांबली नव्हती. वाचताना ठकी आता हाताने एक डोळा झाकून घ्यायची आणि बाई ओरडल्या की हात काढायची. दुकानात गर्दी होती, म्हणून दोघी बाकावर बसल्या. खुर्चीत बँकेतला एक कारकून होता. त्यानेही प म्हटले. दुकानदार खेकसला, "प नाही हो! ष! पोटफोड्या ष! आज सकाळपासून सांगून सांगून घसा बसला माझा." बाकावर ठकीचे ओठ हलले. म, ष, ग, प, भ, थ. ती पाठ करत होती. का नाही करणार? गेल्या वेळी खरे बोलून ओरडा खाल्ला होता.

तिचा नंबर आला. छडी आपटली. "ष," ठकी म्हणाली.

"बघा!" दुकानदार सगळ्या दुकानाला ऐकू जाईल असे म्हणाला. "चष्म्याने दिसायला लागलं!" मग काच पुसायला म्हणून त्याने चष्मा तिच्या नाकावरून काढला, पुसत पुसत माझ्याजवळ आला आणि सवयीने छडी पुन्हा आपटली. ठकीही सवयीने म्हणाली, "ष."

फडके थांबले. "चष्म्याशिवाय दिसलं? मग मागच्या वेळी का नाही दिसलं?"

ठकीने आईकडे बघितले. "तुम्ही आत्ता सांगितलंत ना त्यांना... म्हणून..." पण हे तिने इतके हळू म्हटले की फक्त मला ऐकू आले. दुकानदार ऐकायच्या मनःस्थितीत नव्हताच. त्याला चोर सापडला होता.

"ताई, तुमच्या मुलीच्या डोळ्यांना काही धाड भरलेली नाही. अभ्यास नको म्हणून नाटकं आहेत ही. काय नाव म्हणालात, ठकी? बरोबर ठेवलंय. ठकवते सगळ्यांना!"

बाक हसला. दुकानदाराने कागद ओढला आणि बाईंसाठी लिहून दिले: नजर उत्तम, अभ्यास टाळण्याची सवय. लिहिताना कागद इतका लांब धरला होता की अक्षरे ओळीवरून घसरत होती. आईचा चेहरा लाल झाला. तिने ठकीचे मनगट धरले आणि दारातून जाताना म्हणाली, "घरी चल, बघतेच तुला." ठकी रडली नाही. तिने वळून माझ्याकडे बघितले. शेवटच्या ओळीकडे. तिला तिथे अजूनही प च दिसत होता.

त्या क्षणी मी डूख धरला. माझ्या अंगावर इतकी अक्षरे, पण त्यांतून एक शब्द जुळवून ओरडता येईना. खोट्याला साक्षीदार म्हणून उभे केले होते ते मला, आणि शिक्षा झाली खरे बोलणाऱ्या पोरीला. मला फक्त शाप देता येत होते, ते मी मन लावून दिले. त्याच्या छडीला वाळवी लागो. त्याची किल्ली त्याच्याच खिशात असताना तो दिवसभर शोधत बसो. त्याच्या चहात माशी पडो आणि ती त्याला न दिसो. यातला शेवटचा शाप लागला. मी डोळ्यांनी पाहिले. माशी पडली, त्याने बशी उचलली आणि माशीसकट चहा प्यायला. मला बरे वाटले, पण पुरेसे नाही.

आणि मग, अडीच महिन्यांनी, गर्दीच्या वेळीच ठकीची आई आली. ठकी बरोबर होती. आईने तो चष्मा काउंटरवर ठेवला, शेजारी इस्पितळाचा कागद ठेवला.

"डॉक्टरसाहेब, ओळखलंत?" ती म्हणाली.

"हो हो. या. काय, सुधारली का मुलगी?"

"त्या दिवशी घरी नेऊन मी हिला मारलं," आई म्हणाली. "तुमच्या कागदावर विश्वास ठेवून. हिने पुस्तकाचं नावच टाकलं. दिवसभर काही बोलायची नाही. मग एका सकाळी मी सुईत दोरा ओवायला हिच्याकडे दिला. माझे हात कामात होते. ही सुई धरून नुसतीच बसली. मी म्हटलं, अगं ओव ना. तर म्हणते कशी, आई, कुठल्या सुईत ओवू?"

कुणी हसले नाही. आईने स्वतःच्या ब्लाउजवरची एक सुई काढून दोन बोटांत धरली. "माझ्या हातात एकच सुई होती. हिला दोन दिसत होत्या. मी म्हटलं, एक डोळा मीट बघू. मिटला, आणि एका फटक्यात दोरा ओवला. आठ वर्षांच्या पोरीला वाचताना प्रत्येक ओळ दोनदा दिसत होती. कुठली खरी, कुठली खोटी, ती एकटीच निवडत बसली होती. आणि आपण तिला आळशी म्हणत होतो."

त्याच्या दुसऱ्याच दिवशी, आईने सांगितले, ती ठकीला घेऊन मोठ्या इस्पितळात गेली. सकाळपासून दुपारपर्यंत रांगेत उभ्या राहिल्या. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी तक्ता सगळ्यात शेवटी दाखवला. आधी हातात पुस्तक दिले आणि विचारले, "तुला काय दिसतं, ते तूच सांग मला." ठकीने सांगितले. सगळे ऐकून झाल्यावर त्यांनी पेनाचे टोक हळूहळू तिच्या नाकाकडे आणले. वीतभर अंतरावर आल्यावर तिचा उजवा डोळा सुटला आणि बाहेर सरकला.

"त्यांनी मला समजावलं," आई म्हणाली. "प्रत्येक डोळा एकेकटा चांगला आहे. पण जवळचं बघायला दोघांनी मिळून आत वळावं लागतं. दोघांनी टेबल उचलावं आणि एकाने मध्येच हात सोडावा, तसं होतं हिचं. मग एकाची दोन होतात आणि डोकं दुखतं. हा तुमचा चष्मा नकोच होता. व्यायाम शिकवलेत, महिनोन्‌महिने करावे लागतील, पण फरक पडेल म्हणाल्या. आणि म्हणाल्या, ही खोटं बोलत नाही, हिला खरंच दोन दिसतात. मी तिथे बाकावर बसून रडले. आनंदाने नाही, लाजेने."

दुकानदाराने गळा साफ केला. "हे बघा ताई, त्याला मशीन लागतं. मी काय डॉक्टर आहे का?"

बघा मित्रांनो! तीस वर्षे अंगावर मिरवलेला मान त्याने एका क्षणात खुंटीला टांगला. पण आई हलली नाही. तिने बाकाकडे वळून तिथे बसलेल्या एका टपालवाल्याला विचारले, "काका, तुम्ही दिवसभर पत्ते वाचता. ती खालची ओळ वाचा."

टपालवाल्याने डोळे किलकिले केले. "म, प, ग, प, भ, थ."

"चूक!" दुकानदार म्हणाला.

"ठकी, तू वाच."

ठकीने आईचा पदर धरला आणि वाचले. "म, प, ग, प, भ, थ."

"आता तुम्ही वाचा, साहेब. जवळ जाऊन."

दुकानदार तरातरा माझ्याजवळ आला. त्याचे नाक माझ्या शेवटच्या ओळीला जवळजवळ टेकले. मी त्याचे डोळे इतक्या जवळून कधी पाहिले नव्हते. ते माझ्यावरून नुसतेच घरंगळत होते, त्यांना पकडायला काही सापडत नव्हते. तो मागे सरला, पुन्हा पुढे झाला, आणि शेवटी चिडून ओरडला, "ष आहे! मला काय वाचायला लावता? पाठ आहे मला!"

"पाठ आहे ना?" आई म्हणाली. "माझ्या पोरीलाही पाठच होतं. तिला तुम्ही खोटारडी म्हणालात."

मित्रांनो, तीस वर्षे टक टक खाल्ली, त्याचे त्या एका वाक्याने चीज झाले. पहिल्यांदा टपालवाला हसला, मग बाक हसला. हा तोच बाक, जो ठकीला हसला होता. एका बाईने नाकावरचा पावनंबरी चष्मा काढून निरखून पाहिला आणि म्हणाली, "मग माझं काय?" दुकानदाराचे कान लालबुंद झाले. आईने ठकीला म्हटले, "चल." जाताना ठकीने पुन्हा वळून माझ्याकडे बघितले. या वेळी ती हसली.

इथे थांबलो असतो तर मीही इतर वस्तूंसारखा सुखी झालो असतो. पण अजून एक गंमत राहिली आहे, आणि तिच्या पोटात एक काटा आहे.

दुकान रिकामे झाल्यावर दुकानदाराने काळे पेन घेतले. दुकानातलाच एखादा वाचायचा चष्मा लावणे त्याला सुचले नाही. चुकीवर पांघरूण घालायची घाई झाली होती. त्याने बोटाने चाचपले, नेम धरला आणि ष चे बरे झालेले पोट पुन्हा फोडले. फक्त फोडले ते भलत्याचे. माझा तो खरा, निरपराध, चौथ्या जागेवरचा प! आता ओळ झाली म, प, ग, ष, भ, थ. मी मनात इतका हसलो की चौकट कुरकुरली. म्हटले, घे! आता आख्खे गाव तुला हसेल. हाच माझा सूड.

दुसऱ्या दिवशी सकाळी खुर्चीत पहिले गिऱ्हाईक आले. दोन वेण्यांची, पुढचे दात पडलेली एक चिमुरडी. तिचेही पाय जमिनीला टेकत नव्हते. तिने माझी शेवटची ओळ स्वच्छ वाचली. म, प, ग, ष, भ, थ. एकही चूक नाही. दुकानदार म्हणाला, "चूक. आणि एक सोडून दोन चुका!"

माझे हसू जागच्या जागी विरले. सूड माझा, चूक त्याची, आणि मार पुन्हा त्याच खुर्चीला. ज्याच्यावर डूख धरला तो छडी घेऊन मजेत उभा होता, आणि त्या चिमुरडीच्या नाकावर आता चष्मा चढणार होता. असला सूड काय कामाचा? आपल्या तलवारीने दुसऱ्याचे पोर कापायचे?

मला हात नाहीत, पाय नाहीत, तोंड नाही. पण मी एका खिळ्यावर लटकलो होतो, आणि तो खिळा गंजलेला होता. लोक म्हणतात की खिळा आपोआप तुटला. म्हणू देत. मी तीस वर्षे ज्याला धरून होतो तो खिळा मी सोडला. दुकानदार माझ्या खालीच उभा होता. चौकटीचा कोपरा नेमका त्याच्या उजव्या पायाच्या अंगठ्यावर बसला. त्याने मारलेली बोंब रस्त्यापलीकडे गेली. चिमुरडीची आई तिला घेऊन बाहेर पडली. चौकट फुटली, मी मधोमध दुभंगलो, आणि मित्रांनो, इतके छान मला आयुष्यात कधी वाटले नव्हते.

त्याने मला दाराबाहेर कचऱ्याच्या डब्याला टेकवून ठेवले. दुपारी शाळा सुटल्यावर ठकी तिथून जात होती. ती थांबली. खाली बसली. माझा खालचा तुकडा उचलून तिने शेवटच्या ओळीवरून बोट फिरवले आणि मला काखेत मारून घरी नेले.

इस्पितळातल्या बाईंनी तिला घरी रोज करायला एक व्यायाम दिला होता. एका काडीवर बारीक अक्षर चिकटवायचे, हात लांब करून धरायचे आणि ते एकच ठेवून हळूहळू नाकाकडे आणायचे. ठकीने आईची कात्री घेतली आणि माझे दुसरे अक्षर कापून आइस्क्रीमच्या काडीला चिकटवले. तेच, पोट बरे झालेले. आई म्हणाली, "थांब, पेनाने मधली रेघ काढून देते, म्हणजे ष होईल." ठकी म्हणाली, "नको. मला प दिसतो." आईने पेन खाली ठेवले.

पहिल्या दिवशी नाकापासून नऊ इंचांवर त्याचे दोन झाले. आईने शिवणकामाच्या टेपने मोजले. ठकी वैतागली, तिने काडी फेकली, आईने उचलून आणली. दर आठवड्याला इस्पितळ, रोज घरी काडी. आठ इंच. मग सात. मग तापात पडली आणि पुन्हा आठ. शाळेतल्या बाईंनी इस्पितळाचा कागद दोनदा वाचला आणि तिला खालच्या वर्गात बसवण्याचे रहित केले. ठकी अजून हळूच वाचते, ओळीखाली पट्टी धरते. पण ओळ गाळत नाही.

रीतीप्रमाणे मला आता उपदेश करायचा आहे. करतो. मोठ्या माणसांनो, खुर्चीत बसलेल्या मुलाला चूक म्हणण्याआधी एकदा उठून तक्त्याजवळ जा, आणि जाताना स्वतःचा चष्मा लावा. ते पुस्तकाचे काही सांगत असेल तर "नंतर" म्हणू नका. आणि मुलांनो, तुम्हाला प दिसला तर प च म्हणा. बाकावर ऐकलेले सांगू नका. आज नाही तर उद्या, कुणीतरी सुई घेऊन येईल.

दुकानदाराला मी क्षमा केलेली नाही. त्याने आता विजेवर उजळणारा नवा तक्ता आणला आहे आणि वाचायचा चष्माही लावतो, असे टपालवाल्याने या घरी येऊन सांगितले. अंगठ्याचे नख अजून काळे आहे म्हणे. असू दे.

आज संध्याकाळी खण थोडा उघडा होता. मला दोघी दिसत होत्या. ठकीने काडी हातभर लांब धरली आणि जवळ आणू लागली. आईने टेप ताणली.

"किती दिसतात?"

"एक."

"आता?"

"एक."

काडी नाकाजवळ आली. दोन्ही डोळे आत वळून तिच्यावर खिळले होते. आईने टेपवर बोट ठेवले, तीन इंच, आणि विचारले, "आता?"

ठकीने श्वास रोखला होता, तो सोडला. "अगं, एकच आहे," ती म्हणाली. "आणि तो पच आहे."